मूलपेशीची हाडपेशी होताना एपिजेनेटिक बदल नेमके कुठे होतात आणि ते पकडायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, चरबी, कूर्चा बनू शकणाऱ्या पेशी) २१ दिवस ऑस्टिओजेनिक, म्हणजे हाड बनवायला लावणाऱ्या, मीडियममध्ये वाढवल्या. अलिझरिन रेडचा रंग छान चढला, म्हणजे खनिज साठलं. पण रन्क्स२ या जनुकाच्या प्रमोटरवरचं (जनुक जिथून सुरू होतं त्या भागावरचं) डीएनए मिथायलेशन, म्हणजे जनुक दाबणारी मिथाइल गटांची खूण, पहिल्या दिवशी होतं तेवढंच चौदाव्या दिवशीही निघालं. मग एपिजेनेटिक बदल, म्हणजे डीएनएचा क्रम तोच ठेवून जनुक चालू-बंद करणाऱ्या खुणांमधले बदल, होतात तरी कुठे, मोजायचे कसे, आणि औषध घालून ते घडवता येतात का?

प्रयोग फसलेला नाही. निकाल बहुधा बरोबरच आहे, फक्त शोध चुकीच्या जागी घेतला गेला. १९९७ साली असं सिद्ध झालं की रन्क्स२ नसलेल्या उंदरात कूर्चेचा सांगाडा तयार होतो, हाड मात्र बनत नाही. तेव्हापासून हे जनुक हाडाचं मुख्य बटण मानलं जातं आणि जो तो आधी त्याच्याच प्रमोटरकडे धाव घेतो. पण अस्थिमज्जेतून काढून प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशीत या जनुकाचा आरएनए सुरुवातीपासूनच असतो आणि त्याच्या प्रमोटरवर मिथायलेशन फारसं नसतं. मुळात जे कुलूप लावलेलंच नाही, ते उघडताना दिसणार कसं? रन्क्स२ प्रथिनाला अडवून ठेवण्याचं काम ट्विस्ट१ सारखी प्रथिनं, हिस्टोन डीअसिटिलेज (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेलं असतं त्या हिस्टोन प्रथिनांवरचा असिटिल गट काढणारी एन्झाइम) आणि फॉस्फोरिलेशनची, म्हणजे प्रथिनावर फॉस्फेट बसण्याची, अवस्था करतात. आरएनए दुपटीने वाढला तरी पुष्कळ. खरा फरक त्या प्रथिनाच्या कामात पडतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर या पेशींसाठी हाडाची वाट आधीच बरीचशी मोकळी असते, आणि चरबीची वाट नव्याने खोदावी लागते. त्याच मूलपेशींपासून चरबीपेशी बनवल्या की शेकडो एन्हान्सर (जनुकाला दुरून चालना देणारे डीएनएचे तुकडे) नव्याने उघडताना दिसतात. हाडाकडे जाताना मात्र बहुतेक एन्हान्सर मूलपेशीतच उघडे असतात, त्यांच्यावरची हालचाल वाढते आणि चरबीचा कार्यक्रम दाबून ठेवला जातो. म्हणून क्रोमॅटिनचा (डीएनए आणि हिस्टोन मिळून होणाऱ्या बांधणीचा) मोठा कायापालट दिसेल अशी अपेक्षा ठेवून प्रयोग आखला, तर हाती निराशा येते. मध्यम आकाराचे, ठरावीक जागी होणारे बदल पकडता येतील अशी आखणी हवी.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. सुरुवात भ्रूणीय किंवा आयपीएस (प्रौढ पेशींना मागे नेऊन बहुक्षम केलेल्या) पेशींपासून केली असेल तर चित्र पार वेगळं असतं. त्यात पहिले काही दिवस बहुक्षमता राखणारी ऑक्ट४ आणि नॅनॉग ही जनुकं बंद होण्यात जातात, त्यांच्या प्रमोटरवर नवं मिथायलेशन चढतं आणि जीनोमभर उलथापालथ होते. हे बदल बहुक्षमता सोडण्याचे आहेत, हाड बनण्याचे नव्हेत. दोन्ही प्रकारच्या पेशींवरचे निष्कर्ष एकाच तक्त्यात मांडले की वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

आता बदल कुठे होतात ते पाहू. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे हिस्टोन एच३ चं सत्ताविसावं लायसिन. त्यावर तीन मिथाइल गट बसले की जनुक दाबलं जातं. ही खूण ईझेडएच२ नावाचं एन्झाइम लावतं, आणि केडीएम६ए व केडीएम६बी ती पुसतात. हाडाकडे वळताना ईझेडएच२ ची पकड सैल होते. सीडीके१ हे किनेज ईझेडएच२ वर ४८७ क्रमांकाच्या थ्रिओनिनला फॉस्फेट लावून त्याचं काम मंद करतं, आणि त्याने हाडाच्या बाजूला मदत होते. हेच ईझेडएच२ चरबीपूर्व पेशींत विंट कुटुंबातली जनुकं दाबून ठेवतं, आणि विंटचा संदेश हाडाला पोषक असतो. त्यामुळे ही खूण पाहताना फक्त हाडाची जनुकं पाहू नका. विंट१०बी आणि चरबीची मुख्य जनुकं पीपार-गॅमा व सी/ईबीपी-अल्फा यांचे प्रमोटरही त्याच नमुन्यात मोजा. हाडाच्या जनुकावरची खूण उतरली आणि चरबीच्या जनुकावर ती टिकून राहिली, तर तो बदल निवडक आहे. दोन्हीकडे सारखीच उतरली तर संशय घ्या. बहुधा नमुन्यात किंवा मोजणीतच काही गडबड असते.

दुसरी जागा एन्हान्सरची. त्याच सत्ताविसाव्या लायसिनवर मिथाइलऐवजी असिटिल आला की एन्हान्सर कामाला लागतो. पी३०० असिटिल लावतं, डीअसिटिलेज काढतात. ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बनवणारी पेशी, घडताना एचडॅक१ या डीअसिटिलेजचं प्रमाण उतरतं, आणि एचडॅक३ तर रन्क्स२ ला चिकटूनच त्याला अडवत असतं. ऑस्टिओकॅल्सिन या पक्व हाडपेशीच्या जनुकावर ही रचना सर्वात नीट उलगडली गेली आहे. उंदराच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, त्याच्या सुरुवातीच्या बिंदूमागे साधारण ७० ते १७० बेसवर एक आणि ४०० ते ६०० बेसवर दुसरी अशा दोन उघड्या जागा तयार होतात. रन्क्स२ आणि जीवनसत्त्व डी चा रिसेप्टर तिथे येऊन बसतात, आणि बीआरजी१ असलेलं स्विच-स्निफ संकुल न्यूक्लिओसोम (हिस्टोनभोवतीचे डीएनएचे वेढे) सरकवतं. याच जनुकाच्या प्रमोटरवरचं मिथायलेशनही ऑस्टिओब्लास्ट पक्व होताना उतरतं.

मात्र मानवी पेशींच्या कल्चरमध्ये ऑस्टिओकॅल्सिनवर विसंबू नका. मीडियममधलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ते जनुक स्वतःच दाबतं. पक्व पेशी असूनही ऑस्टिओकॅल्सिन दिसत नाही म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात, आणि दोष असतो मीडियमचा.

डीएनए मिथायलेशनच मोजायचं असेल तर रन्क्स२ सोडून ऑस्टेरिक्स या हाडाच्या दुसऱ्या नियामक जनुकाकडे वळा. मूलपेशीत ते जवळजवळ बंद असतं आणि रन्क्स२ नंतर सुरू होतं, त्यामुळे फरक दिसायला वाव असतो. त्याहून ठळक उदाहरण स्क्लेरोस्टिन बनवणाऱ्या एसओएसटी जनुकाचं. ऑस्टिओब्लास्टमध्ये त्याचा प्रमोटर चांगलाच मिथायलेटेड असतो, आणि हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइटमध्ये तो मोकळा असतो. पण २१ दिवसांच्या सपाट कल्चरमध्ये पेशी सहसा ऑस्टिओसाइटपर्यंत पोचत नाहीत. तिथे एसओएसटी बदललं नाही, तर त्यात नवल नाही.

आता मीडियमकडे या, कारण याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं. नेहमीचं मिश्रण म्हणजे १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अॅस्कॉर्बिक आम्ल आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. यांतला एकही घटक क्रोमॅटिनच्या दृष्टीने तटस्थ नाही. डीएनएवरचं मिथाइल काढायला सुरुवात करणारी टेट एन्झाइम आणि हिस्टोनवरचे मिथाइल काढणारी जुमॉन्जी कुटुंबातली एन्झाइम यांना द्विसंयुजी (Fe²⁺) लोह आणि अल्फा-कीटोग्लुटारेट लागतं, आणि जीवनसत्त्व सी त्या लोहाला कामाच्या अवस्थेत ठेवतं. म्हणजे जीवनसत्त्व सी नुसतं कोलॅजनसाठी नाही, ते मिथाइल पुसण्याची गती थेट वाढवतं. साध्या मीडियममध्ये सी नाही आणि ऑस्टिओजेनिकमध्ये आहे, अशी तुलना केली तर दिसलेला फरक हाड बनण्याचा की जीवनसत्त्वाचा हे सांगताच येणार नाही. डेक्सामेथासोनचा रिसेप्टर काही तासांतच हजारो ठिकाणी डीएनएवर जाऊन बसतो आणि पीपार-गॅमाही वाढवतो. त्यामुळे ऑस्टिओजेनिक प्लेटमध्ये तेलाचे थेंब असलेल्या पेशी दिसल्या तर दूषितपणा समजू नका.

म्हणून नियंत्रण गट एक पुरत नाही. साधं मीडियम, साधं अधिक जीवनसत्त्व सी, साधं अधिक डेक्सामेथासोन आणि पूर्ण मिश्रण असे चार गट ठेवा, आणि चारही त्याच त्या दिवशी काढा. डेक्सामेथासोन इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल तर तेवढंच इथेनॉल बाकीच्या गटांतही घाला. साधं अॅस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांवर दिवसभरात बरंच नष्ट होतं. अॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट टिकतं, म्हणून तेच वापरा, नाहीतर मीडियम बदलायच्या दर तीन दिवसांत मात्रा वरखाली होत राहते. ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलरच्या वर नेऊ नका. फॉस्फेट जास्त झालं की पेशींशिवायही खनिज बसतं आणि अलिझरिन खोटं लाल दिसतं. खात्री करायची असेल तर एका वेलमधल्या पेशी फॉर्माल्डिहाइडने मारून त्यावर तेच मीडियम तितकेच दिवस ठेवा. तिथेही लाल आलं, तर तुमच्या प्लेटमधलं सगळं लाल पेशींचं नाही.

शून्याव्या दिवसाशी (ऑस्टिओजेनिक मीडियम देण्याच्या दिवसाशी) तुलना हा आणखी एक सापळा आहे. शून्याव्या दिवशी पेशी भराभर विभागत असतात, चौदाव्या दिवशी प्लेट भरून विभाजन जवळपास थांबलेलं असतं. हिस्टोनच्या कित्येक खुणा आणि मिथायलेशनचं निष्क्रिय विरळ होणं विभाजनाशी बांधलेलं असतं. त्यामुळे चौदाव्या दिवसाची तुलना त्याच दिवशी काढलेल्या, साध्या मीडियममधल्या, तितक्याच भरलेल्या प्लेटशी करा. अस्थिमज्जेचे दाते किमान तीन, जमलं तर पाच घ्या, आणि प्रत्येक दात्याची तुलना त्याच्याशीच करा, कारण माणसामाणसांतला मिथायलेशनचा फरक तुमच्या प्रयोगातल्या फरकाला सहज गिळून टाकतो. सगळ्यांचा पॅसेज (पेशी नव्या प्लेटमध्ये किती वेळा हलवल्या तो क्रमांक) एकच हवा, तिसरा ते पाचवा. त्यापुढे वय झालेल्या पेशींच्या ठरावीक सीपीजी जागांवर (डीएनएत सायटोसिनपाठोपाठ ग्वानिन येतं तिथे) मिथायलेशन आपोआप सरकतं. सुरुवातीची दाटी प्रति चौरस सेंटिमीटर साधारण २०,००० ठेवा. सीडी१०५, सीडी७३ आणि सीडी९० ही पृष्ठभागावरची प्रथिनं ९५ टक्क्यांहून अधिक पेशींवर असणं ही ओळखीची अट आहे. पण अट पूर्ण झाली म्हणजे सगळ्या पेशी हाड बनवतील असं नाही.

हा शेवटचा मुद्दा आकड्यांनी समजून घ्या. समजा एखाद्या जागेवर ८० टक्के मिथायलेशन आहे आणि हाडाकडे खरोखर वळलेल्या पेशीत ते १० टक्क्यांवर येतं. प्लेटमधल्या ३० टक्केच पेशी वळल्या, तर सरासरी ०.७ गुणिले ८० अधिक ०.३ गुणिले १०, म्हणजे ५९ टक्के. सत्तर अंकांची घसरण एकवीसवर आली. वळलेल्या पेशी १० टक्केच असतील तर फरक फक्त ७ अंकांचा, आणि तो मोजणीच्या गोंगाटाच्या अगदी काठावर असतो. सपाट निकालामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम हाडाकडे वळलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर असतं, त्याच्या अँटिबॉडीने सातव्या ते दहाव्या दिवशी पेशी वेगळ्या करा आणि वरच्या व खालच्या गटात मोजणी करा. एवढं एक केलं तरी चित्र बऱ्याचदा स्पष्ट होतं.

मोजणीच्या पद्धतींबद्दल. बायसल्फाइट प्रक्रियेत मिथाइल नसलेलं सायटोसिन युरॅसिल होतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. पण हायड्रॉक्सिमिथाइलही तसंच राहतं. टेट एन्झाइम मिथाइलचं रूपांतर आधी हायड्रॉक्सिमिथाइलमध्येच करतं, म्हणून साधं बायसल्फाइट ‘काही बदललं नाही’ म्हणेल आणि तिथे प्रक्रिया अर्ध्यावर चालू असेल. ऑक्सिडेटिव्ह बायसल्फाइट समांतर चालवा, म्हणजे दोन्ही वेगळे कळतील. रूपांतर ९९ टक्क्यांच्या वर झालं याची खात्री मिथाइल नसलेला लॅम्डा डीएनए मिसळून करा. प्राइमरमध्ये सीपीजी नको, आणि ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांचे मानक नमुने त्याच पीसीआरमध्ये चालवा. काही प्राइमर जोड्या मिथाइल नसलेल्या प्रतीलाच झुकतं माप देतात, आणि ते मानकांशिवाय समजत नाही.

चिपसाठी (अँटिबॉडीने हिस्टोनच्या खुणेसकट डीएनए वेगळा काढण्याच्या पद्धतीसाठी) १ टक्का फॉर्माल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं, मग १२५ मिलिमोलर ग्लायसिन ५ मिनिटं, आणि तुकडे २०० ते ५०० बेसचे. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. न लिहिलेली अडचण हाडाच्या कल्चरची आहे. दोन आठवड्यांनंतर पेशी कोलॅजन आणि खनिजाच्या थरात रुतलेल्या असतात. फॉर्माल्डिहाइड आत सारखं पोचत नाही, सोनिकेशनची ऊर्जा थर फोडण्यात जाते आणि तुकडे मोठे राहतात. शिवाय हायड्रॉक्सिअॅपेटाइटला डीएनए आणि आरएनए घट्ट चिकटतात, त्यामुळे उत्पन्न घटतं आणि ते प्रत्येक वेलमध्ये वेगळं घटतं. थर मोडायचा तर क्रम महत्त्वाचा. कोलॅजनेजला कॅल्शियम लागतं, ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. दोन्ही एकत्र घातले की एन्झाइम मरतं. आधी कोलॅजनेज, मग धुणं, मग ईडीटीए, मग पुन्हा नीट धुणं. शेवटचं धुणं टाळलं तर अटॅक-सीकमधलं (ही उघडं क्रोमॅटिन शोधणारी पद्धत) टीएन५ हे एन्झाइम मॅग्नेशियमअभावी काम करत नाही आणि लायब्ररी रिकामी येते. कट अँड रनमध्ये (हा चिपचाच पर्याय) उलटा धोका आहे: तिथलं न्यूक्लिएज कॅल्शियमनेच चालू होतं, त्यामुळे उरलेलं खनिज वेळेआधी कातरणी सुरू करू शकतं. आणि कोलॅजनेजमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास गेलेल्या पेशींची असिटिलची खूणही हलते, म्हणून नियंत्रण प्लेटलाही तीच वागणूक द्या, तिथे थर नसला तरी.

याहून सोपा मार्ग मी सुचवेन. क्रोमॅटिनचं सगळं काम दहाव्या दिवसाआधी संपवा; तिसरा आणि सातवा दिवस उत्तम. निर्णय तोवर झालेला असतो, खनिज अजून बसलेलं नसतं. किंवा क्रोमॅटिनच्या प्लेटमध्ये ग्लिसरोफॉस्फेट घालूच नका. कोलॅजन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज त्याच्याशिवायही येतात. फक्त हे ध्यानात ठेवा की फॉस्फेट स्वतः एक संदेश आहे आणि ऑस्टिओपॉन्टिनसारखी जनुकं त्याने हलतात, म्हणून त्या जनुकांबद्दल अशा प्लेटवरून बोलू नये. अटॅक-सीकला ५०,००० पेशी पुरतात, आणि केंद्रकं ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्या.

औषधांच्या बाबतीत मी सावध आहे. मिथायलेशन उतरवणारं ५-अझा-डीऑक्सिसायटिडीन डीएनए बनत असतानाच त्यात शिरतं. भरलेल्या, न विभागणाऱ्या प्लेटवर ते घालून उपयोग नाही. तिथे मिळते ती नुसती विषबाधा. पेशी निम्म्या भरलेल्या असताना ०.५ ते १ मायक्रोमोलरपासून सुरुवात करा, दर २४ तासांनी ताजं घाला कारण ते पाण्यात टिकत नाही, ४८ तासांनी धुऊन टाका आणि मगच ऑस्टिओजेनिक मीडियम द्या. या औषधाला दिशा नसते, हे १९७९ सालीच दिसलं होतं: उंदराच्या १०टी१/२ पेशी अझासायटिडीनने स्नायू, चरबी आणि कूर्चा अशा तिन्ही वाटांनी गेल्या. कुलपं सगळीच सैल होतात, दार कुठलं उघडायचं ते मीडियम ठरवतं.

ईझेडएच२ चे प्रतिबंधक, उदाहरणार्थ जीएसके१२६, हाडासाठी अधिक तर्कशुद्ध आहेत. १ ते ५ मायक्रोमोलर पुरतात, पण खूण उतरायला तीन-चार दिवस लागतात, कारण ती मुख्यतः विभाजनातून विरळ होते. एका दिवसात वेस्टर्न (प्रथिन मोजणारी चाचणी) केलं तर औषध निकामी वाटेल. जीनोमभर खूण उतरते तेव्हा चिपची नेहमीची मोजणी फसते, कारण ती एकूण सिग्नल स्थिर आहे असं धरते. फळमाशीचं क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळून त्यावर आकडे बसवा, आणि एकूण एच३ वेगळं मोजा. डीअसिटिलेज प्रतिबंधकांत व्हॅल्प्रोएट साधारण १ मिलिमोलर वापरतात. ते पी२१ वाढवून विभाजन थांबवतं, आणि विभाजन थांबणं स्वतःच अल्कलाइन फॉस्फेटेज वाढवतं. त्यामुळे पेशींची संख्या मोजून, डीएनएमागे किती असा हिशेब करा. प्लेटमधल्या यशावरून रुग्णाकडे उडी मारू नका. व्हॅल्प्रोएट दीर्घकाळ घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांत हाडांची घनता कमी आढळते.

सूक्ष्म आरएनएबद्दल (मिआर) थोडक्यात. मिआर-१३३ आणि मिआर-२०४ रन्क्स२ ला, तर मिआर-१३५ स्मॅड५ या बीएमपीचा संदेश वाहणाऱ्या प्रथिनाला दाबतात. बीएमपी-२ हे हाडाला चालना देणारं प्रथिन दिल्यावर मिआर-१३३ आणि मिआर-१३५ उतरतात. मिआर-२८६१ एचडॅक५ ला दाबतो, म्हणून तो हाडाला पोषक. मोजायला सोपे आहेत, पण क्रोमॅटिनच्या मोजणीची जागा ते घेत नाहीत.

राहिला प्रश्न कारण कोणतं आणि परिणाम कोणता याचा. ऑस्टेरिक्सचा प्रमोटर मोकळा झाला म्हणून जनुक चालू झालं, की चालू झालं म्हणून मोकळा झाला, हे बायसल्फाइट कधीच सांगणार नाही. त्यासाठी डीएनए कापण्यापुरतं निकामी केलेलं, पण ठरावीक जागी नेता येणारं कॅस९ आणि त्याला जोडलेला टेट१ चा उत्प्रेरक भाग त्याच प्रमोटरवर नेऊन बसवा, साध्या मीडियममध्ये, आणि ऑस्टेरिक्सचा आरएनए मोजा. शेजारी उत्प्रेरक भाग बिघडवलेला टेट१ त्याच गाइडसह (कॅस९ ला जागा दाखवणाऱ्या आरएनएसह) ठेवा, कारण कॅस९ नुसतं तिथे बसल्यानेही प्रमोटर अडतो किंवा हलतो. मिथायलेशन उतरलं आणि जनुक तरीही गप्प राहिलं, तर तिथे अडसर मिथायलेशनचा नव्हता, आणि पुढचा प्रयोग पी३०० जोडलेल्या कॅस९ ने एन्हान्सरवर करायचा.